हे पिल्लू गेलंय कुणावर?

बाळ जन्मलं की आपल्याकडे पाचव्या मिनिटाला नाकडोळ्यांची वाटणी सुरू होते. कपाळ आजोबांचं, रंग मावशीचा, हट्ट मात्र बापाचाच. बॉल पायथनची पिल्लं अंड्यातून डोकं बाहेर काढतात तेव्हा आमच्या तळघरातही हेच चालतं. फरक इतकाच, की इथे वाटणी चुकली तर पुढच्या दोन-तीन पिढ्यांचे कागद चुकतात आणि विकत घेणाऱ्याचे पैसे पाण्यात जातात.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बुटका, शांत, बिनविषारी अजगर. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून तो वर्षानुवर्षं अमेरिकेत येत राहिला आणि त्या गर्दीत अधूनमधून एखादा वेगळ्याच रंगाचा निघायचा. बॉब क्लार्क यांनी १९९२ मध्ये अल्बिनो पिल्लं जन्माला घालून दाखवली. १९९७ मध्ये पीट काल यांनी पांढऱ्या ठिगळांचा पायबाल्ड हा प्रकारही वंशातून उतरतो हे सिद्ध केलं. मग पेस्टल आला, स्पायडर आला, क्लाउन आला. या रंग-नक्षीच्या प्रकारांना मॉर्फ म्हणतात, आणि त्यांच्या मिश्रणांची संख्या आता हजारांत गेली आहे.

मी शिकागोच्या एका उपनगरात राहते. जवळच टिन्ले पार्कला सरपटणाऱ्या प्राण्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. माझे बहुतेक साप तिथले. आई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर पिल्लं बघते. ती शिराळ्याची नागपंचमी बघत मोठी झालेली, त्यामुळे सापाचं तिला काही वाटत नाही. पण एकदा एका पिल्लाकडे बघून तिने विचारलं, “अगं, आई पिवळी, बाप काळा-तपकिरी, मग हे पांढरंफटक गेलंय कुणावर?” प्रश्न रास्त होता. अशा प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे.

१. पिल्लाचं तोंड बघण्याआधी आई-बापाचे कागद बघा

अंडी इन्क्युबेटरमध्ये ३१-३२ अंश सेल्सिअसला ठेवली की साधारण ५५ ते ६० दिवस हातात असतात. त्या काळात मी वहीत तीन रकाने आखते. पहिल्यात सिद्ध झालेली जनुकं, म्हणजे ज्यांचा परिणाम त्या सापाच्या पिल्लांत प्रत्यक्ष दिसला आहे ती. दुसऱ्यात सापाच्या अंगावर दिसणारी. तिसऱ्यात विकणाऱ्याने तोंडी किंवा पाटीवर सांगितलेली. नर आणि मादी दोघांचेही तीन-तीन रकाने भरले की कोणती पिल्लं निघू शकतात याची यादी करता येते. पिल्लू अनपेक्षित आहे की नाही हे त्या यादीवरूनच ठरतं. यादीच नसेल तर सगळीच पिल्लं नवलाची.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ठाऊक हव्यात. अप्रभावी जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच दिसतं. एकाच बाजूने आलं तर साप दिसायला साधा आणि पोटात गुपित. अशा सापाला ‘हेट’ म्हणतात. अपूर्ण प्रभावी जनुक एका प्रतीतही दिसतं आणि दोन प्रती मिळाल्या की वेगळंच रूप घेतं, त्याला ‘सुपर’ म्हणतात. पेस्टलची एक प्रत असली की पिवळा उजळतो, दोन असल्या की सुपर पेस्टल. बाकीचं बहुतेक गणित या दोन नियमांतून सुटतं.

माझा अनुभव असा, की धक्का देणारं पिल्लू बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातून येतं. आपण पाटीवर ‘पेस्टल’ वाचतो आणि डोळ्यांनाही पेस्टलच दिसतो, कारण पाटीने आधीच सांगून ठेवलेलं असतं.

२. पहिली कात पडेपर्यंत बारसं नको

पिल्लू नाकाच्या टोकावरच्या अंडदाताने चामड्यासारखं कवच चिरतं, तोंड बाहेर काढतं आणि मग दिवस-दीड दिवस तसंच बसून राहतं, कारण आतला बलक अजून पोटात ओढून घ्यायचा असतो. या वेळी ते ओलं, सुरकुतलेलं आणि मूळ रंगापेक्षा गडद किंवा गुलाबी दिसतं. पहिली कात सहसा एक-दोन आठवड्यांत पडते. खरा रंग दिसतो तो त्यानंतर. फोटो काढायचे तर खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर. वरून, दोन्ही कुशींवरून आणि पोटाकडून. पिवळ्या दिव्याखाली साधा सापही पेस्टल दिसतो.

३. पांढऱ्या पिल्लाला अनेक वाटा

आता आईच्या प्रश्नातलं ते पिल्लू. मादी पेस्टल म्हणून घेतलेली, नर मोजावे. मोजावे म्हणजे कुशीवर किल्लीच्या भोकासारखे फिकट ठिपके असलेला गडद साप. अंडी सहा. यादीप्रमाणे साधी, पेस्टल, मोजावे आणि दोन्हींचं मिश्रण, एवढीच पिल्लं निघायला हवी होती. पाच तशीच निघाली. सहाव्या अंड्याच्या चिरेतून मात्र दुधासारखं पांढरं डोकं बाहेर आलं.

पांढरं म्हटलं की लोक एकच नाव घेतात, पण बॉल पायथनमध्ये पांढऱ्यापर्यंत पोहोचायच्या वाटा कितीतरी आहेत. मोजावे, लेसर, बटर, रुसो, फँटम, मिस्टिक ही नावं वेगळी असली तरी जनुकाची जागा एकच. त्यातली दोन एकत्र आली की निळ्या डोळ्यांचा पांढरा साप निघू शकतो. फायर या जनुकाच्या दोन प्रती आल्या तर काळ्या डोळ्यांचा पांढरा. यलो बेलीच्या दोन प्रती आल्या तर आयव्हरी. तो हस्तिदंती, पाठीवर पुसटसा पिवळा पट्टा, डोळे गडद. पायबाल्डमधलं पांढरं कधी कधी डोक्यापर्यंत पसरतं. आणि पायबाल्डला स्पायडरची जोड मिळाली तर नक्षी जवळजवळ सगळी पुसली जाते, डोळे मात्र गडद राहतात.

म्हणून पहिली तपासणी डोळ्यांची. इथे एक फसगत असते. कात टाकण्याआधी कुठल्याही सापाचे डोळे दुधाळ निळे होतात, कारण डोळ्यावरचा पारदर्शक खवलाही कातेबरोबरच निघतो. त्या दिवसांत ‘निळे डोळे!’ म्हणून उड्या मारण्यात अर्थ नसतो. आमच्या पिल्लाची कात पडली, डोळे निवळले, आणि बॅटरीच्या उजेडात बुबुळं फिकट निळी आणि बाहुल्या लालसर दिसल्या. फायर, आयव्हरी आणि पायबाल्ड एका झटक्यात बाद.

दुसरी तपासणी डोक्याची. मोजावेच्या दोन प्रती असतील तर साप पांढरा होतो, पण डोक्यावर राखाडी झाक राहते. इथे डोकं स्वच्छ होतं. म्हणजे बापाकडून मोजावे आलेलं, पण आईकडून मोजावे नव्हे, त्याच गटातलं दुसरं काहीतरी. मादीला पुन्हा उन्हात धरून बघितली. लेसर किंवा बटर असते तर तिचा फिका, लोण्यासारखा रंग कुणाच्याही नजरेत भरला असता. रुसोचं तसं नाही. एका प्रतीत तो साध्या सापाला जेमतेम उजळवतो, आणि वर पेस्टल असला की तो उजळपणा पेस्टलच्याच खात्यावर जमा होतो. संशय रुसोवर आला. वहीत मात्र ‘मोजावे आणि त्याच गटातलं एक अज्ञात’ एवढंच लिहिलं.

ते पिल्लू नर निघालं. मोठं झाल्यावर त्याला एका साध्या मादीबरोबर सोडलं. जनुकाच्या एकाच जागेवर दोन वेगळी रूपं बसली असतील तर प्रत्येक पिल्लाला त्यातलं एक मिळणारच, कोरं कुणीच राहणार नाही. झालंही तसंच. काही मोजावे, बाकीची साध्यापेक्षा जरा उजळ, पोटाकडे स्वच्छ. मधलं काही नाही. गंमत म्हणजे त्यांतल्या काहींत पेस्टलही निघाला. बाप पांढरा असताना तो त्याच्या अंगावर कधी दिसलाच नव्हता. पांढरा रंग सगळ्यावर पांघरूण घालतो. पांढऱ्या सापाच्या अंगावर आणखी काय दडलं आहे हे नुसतं बघून सांगणाऱ्याकडून साप घेऊ नये.

४. एका पिल्लामुळे सगळ्यांच्या पाट्या बदलतात

हे फार जण विसरतात. पांढरं पिल्लू निघालं, फोटो काढले, कौतुक झालं, आणि भावंडं जुन्याच पाट्यांनिशी विकली गेली. वास्तविक त्या क्षणी मादीची पाटी बदलली होती, आणि म्हणून प्रत्येक भावंडाचीही. जे ‘साधं’ म्हणून बाजूला ठेवलं होतं त्याच्यात ते अज्ञात जनुक असण्याची शक्यता निम्मी होती.

अप्रभावी जनुकाचं पिल्लू अवचित निघालं तर हे आणखी स्पष्ट दिसतं. दोन साध्या सापांना एक पायबाल्ड पिल्लू झालं, तर तेवढ्या एका पिल्लाने आई आणि बाप दोघंही हेट असल्याचं सिद्ध केलं. मग साधी दिसणारी भावंडं दर तीनपैकी दोन या हिशेबाने हेट असू शकतात. प्रदर्शनात पाटीवर ‘६६% पॉसिबल हेट’ लिहिलेलं असतं ते हेच. आधी विकलेल्या पिल्लांच्या मालकांनाही कळवायला हवं. मी कळवते. एकाने आनंदाने मिठाईचा डबा पाठवला होता. सापाच्या धंद्यात असा प्रसंग विरळाच.

५. बाप तोच आहे ना, हे आधी विचारा

मादी नराचं बीज अंगात साठवून ठेवू शकते, काही महिने आणि कधी त्याहून जास्त. म्हणून यंदा सोडलेला नरच यंदाच्या पिल्लांचा बाप, असं गृहीत धरता येत नाही. दोन नर लागोपाठ सोडले असतील तर एकाच खेपेत दोघांची पिल्लं निघू शकतात. प्रौढ मादी विकत आणली तर तिच्या मागच्या घरचा नरही हिशेबात धरावा लागतो.

यात सगळ्यात भरवशाचा साक्षीदार म्हणजे सुपर नर. माझ्या एका मित्राकडे सुपर पेस्टल नर होता. त्याच्याजवळ पेस्टलच्या दोन प्रती, त्यामुळे त्याच्या प्रत्येक पिल्लाला पेस्टल मिळालाच पाहिजे, अपवाद नाही. खेपेत दोन पिल्लं पेस्टलशिवाय निघाली. मित्र नवं जनुक सापडल्याच्या थाटात फोन करत होता. मी म्हटलं, “अरे, नवं काही नाही, बाप जुना आहे.” मादी त्याने वसंतात एका गृहस्थाकडून घेतली होती, त्या गृहस्थाकडचा नर साधा होता.

आणि बाप मुळी नसेलच तर? तेही घडतं. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात २०२० च्या जुलैमध्ये ६२ वर्षांच्या बॉल पायथन मादीने ७ अंडी घातली. निदान १५ वर्षं ती कुठल्याही नराच्या जवळ नव्हती. नराशिवाय होणाऱ्या पिल्लांना फक्त आईचीच जनुकं मिळतात, ती सगळी मादीच असतात, आणि खेपेतली बरीचशी अंडी पोकळ जातात. आईकडे एखाद्या जनुकाची एकच प्रत असेल तर अशा पिल्लात ती दुप्पट होऊन सुपर रूप अचानक समोर येऊ शकतं. तरीही या प्रकाराचं, म्हणजे अनिषेकजननाचं, नाव शेवटी घ्यावं. साठवलेलं बीज हे त्याहून कितीतरी साधं उत्तर आहे.

६. दोन करड्यांची पिल्लं साधी निघाली तर रडू नका

अ‍ॅक्सँथिक म्हणजे अंगातला पिवळा गेलेला करडा साप. अप्रभावी जनुक. दोन अ‍ॅक्सँथिक एकत्र सोडले तर सगळी पिल्लं करडी व्हायला हवीत, असं कुणालाही वाटेल. पण या रंगाचे वंश वेगवेगळे आहेत आणि ते वेगवेगळ्या जनुकांमुळे झालेले असू शकतात. व्हीपीआय वंशाचा करडा आणि टीएसके वंशाचा करडा एकत्र आणला तर पिल्लं साधी निघतात, दोन्ही जनुकांची हेट. दिसायला सारखं म्हणजे मुळात सारखं नव्हे. अल्बिनो आणि लॅव्हेंडर अल्बिनोचंही तसंच.

उलटही घडतं. कँडी आणि टॉफी ही नावं अल्बिनोपासून लांबची वाटतात, पण जनुकाची जागा तीच. कँडी हेट आणि अल्बिनो हेट अशी जोडी लावली तर ज्याची कुणी अपेक्षा केली नव्हती असं फिकं पिल्लू निघतं आणि घरभर गोंधळ उडतो. विकत घेताना म्हणून मी रंग विचारत नाही, वंश विचारते. विकणारा “अ‍ॅक्सँथिक, बस” म्हणाला तर पुढच्या टेबलाकडे वळते.

७. सहा अंड्यांवर पैज लावू नका

दोन हेटच्या जोडीत प्रत्येक अंड्याला पाव शक्यता, हे शाळेत मेंडेलच्या वाटाण्यांबरोबर शिकलेलो असतो. मग सहा अंड्यांत एक-दीड तरी निघायला हवं ना? सहाच्या सहा साधी निघण्याची शक्यता जवळजवळ १८ टक्के आहे. पाचातल्या एका जोडप्याच्या नशिबी ती येणारच. तेवढ्यावरून ‘हा हेट नव्हताच’ म्हणून नर विकून टाकणारे मी पाहिलेत.

खरंच पारखायचं असेल तर त्याला उघड अप्रभावी सापाबरोबर सोडा. तिथे तो हेट असेल तर प्रत्येक पिल्लाला निम्मी शक्यता. अशा सहा अंड्यांत एकही दिसलं नाही, तर हेट असूनही तसं घडण्याची शक्यता ६४ मध्ये एक. आधी ६६% म्हणून घेतलेला साप या कसोटीनंतर सुमारे ३ टक्क्यांवर येतो. तिथे त्याची पाटी पुसायला हरकत नाही. उलट एक जरी निघालं तर विषय संपला. होकाराला एक साक्षीदार पुरतो, नकाराला जमाव लागतो.

आणि ‘खुणा’? हेट पायबाल्डच्या पोटावर शेपटीकडे गडद रेघांच्या दोन समांतर ओळी असतात, असं सांगतात. काहींत असतात. पायबाल्डशी काडीचा संबंध नसलेल्या सापांतही मी त्या पाहिल्या आहेत. खुणेवरून कुठलं पिल्लू ठेवून घ्यायचं ते ठरवावं, किंमत नाही.

८. सगळ्या बनाना पिल्लांचं लिंग एकच? तपासा

बनाना नावाचा पिवळा-जांभळट मॉर्फ आला आणि पैदास करणारे चक्रावले. काही नरांना बनाना पिल्लं झाली की ती जवळपास सगळी नर. काहींना झाली की जवळपास सगळी मादी. तोवर पुस्तकात सापांची लिंगगुणसूत्रं पक्ष्यांसारखी, म्हणजे मादीत दोन वेगळी, असं सरसकट छापलेलं असायचं. बनानाचे आकडे त्यात बसेनात. अशाच पैदाशीच्या नोंदींवरून २०१६ मध्ये एका शोधनिबंधाने बॉल पायथनमध्ये माणसांसारखी एक्स-वाय पद्धत असावी असं मांडलं, आणि २०१७ मध्ये बोआ आणि पायथन या दोन्हींत जनुकीय तपासणीने ती पद्धत सापडली. हौशी लोकांच्या वह्यांनी पाठ्यपुस्तकाला दिलेला हा धक्का मला फार आवडतो.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. ज्या नराला बनाना बापाकडून मिळाला, त्याच्यात तो वायवर बसलेला. त्याचे मुलगे बनाना. ज्याला आईकडून मिळाला, त्याच्यात एक्सवर; त्याच्या मुली बनाना. क्वचित गुणसूत्रांची अदलाबदल होऊन एखादं पिल्लू नियम मोडतं. बनाना मादीकडून मात्र दोन्ही सारखी. खेपेत अपेक्षेच्या उलट लिंगाची बनाना पिल्लं भराभर निघाली, तर नराच्या आई-बापाबद्दल कुणीतरी चुकीचं सांगितलं आहे.

९. कात फेकू नका

पूर्वी गुपित फोडायला दोन-तीन वर्षं पिल्लं वाढवावी लागत. आता काही जनुकांसाठी कात पुरते. मिशिगनमधल्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी पाळणाऱ्यांकडून आणि पैदास करणाऱ्यांकडून टाकलेल्या काती मागवल्या आणि २०२२ मध्ये अल्बिनो, लॅव्हेंडर अल्बिनो आणि अल्ट्रामेल या तीन रंगांमागची जनुकं दाखवून दिली. ती आहेत टीवायआर, ओसीए२ आणि टीवायआरपी१. माणसांतल्या वर्णहीनतेच्या तीन प्रकारांमागेही हीच तीन. पुढच्याच वर्षी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या गटाने पायबाल्डचा माग टीएफईसी या जनुकापर्यंत नेला. आज काही प्रयोगशाळा पैसे घेऊन अशी चाचणी करतात.

पथ्यं थोडी आहेत. प्रत्येक पिल्लू पहिल्या कातेआधी वेगळ्या डब्यात. एकत्र ठेवली की कुणाची कात कुणाची, ते कळत नाही. कात कोरडी करून कागदी पाकिटात, पाकिटावर क्रमांक आणि तारीख. प्लॅस्टिकमध्ये ओली कात सडते. आणि चाचणी जे शोधायला सांगाल तेवढंच शोधते. ‘क्लाउन नाही’ असा निकाल आला म्हणजे पिल्लू साधं ठरत नाही, फक्त क्लाउन नाही.

१०. विचित्र नक्षी म्हणजे नवं जनुक नव्हे

पाठीवर सरळ पट्टा, एखादा ठसा उलटा, अल्बिनोच्या अंगावर एकच काळा डाग. इन्क्युबेटरच्या तापमानात चढ-उतार झाले की नक्षी बिघडते, असा पैदास करणाऱ्यांचा अनुभव आहे. डागही बहुधा पुढच्या पिढीत जात नाही. पुढच्या पिढीत उतरलं तर जनुक, नाहीतर नशीब. ‘नवं जनुक, किंमत विचारा’ अशी पाटी दिसली की मी पुढच्या पिढीचे फोटो मागते. बहुतेक वेळा ते नसतात.

११. मान तिरकी असेल तर रंग विसरा

स्पायडर हा १९९९ च्या सुमाराचा कोळ्याच्या जाळ्यासारख्या नक्षीचा मॉर्फ. त्याच्याबरोबर डोकं डुलणं, तोल जाणं येतं. कुणात जेमतेम, कुणात इतकं, की भक्ष्यावर नेम धरता येत नाही. २०२२ मध्ये स्कॅन करून केलेल्या अभ्यासात अशा सापांच्या आतल्या कानाची रचनाच बिघडलेली दिसली. म्हणजे हा स्वभाव नाही, व्यंग आहे, आणि ते रंगापासून वेगळं काढता येत नाही. मी स्पायडर पाळत नाही आणि पैदाशीत वापरत नाही. ‘जगतात की छान’ हा युक्तिवाद मला पटत नाही.

हे ओळखीच्या यादीत का, तर पांढऱ्याच्या पांघरुणाखाली स्पायडरही लपतो. पांढऱ्या पिल्लाची मान वळताना गिरकी घेत असेल तर नक्षी दिसत नसली तरी स्पायडरचा संशय वहीत लिहा आणि त्या पिल्लापासून पुढे वंश वाढवू नका. सुपर सिनॅमन किंवा सुपर ब्लॅक पेस्टलमध्ये चपटं, बदकासारखं तोंड, दोन लेसर एकत्र आल्यावर बटबटीत डोळे, कॅरॅमल अल्बिनोत वाकडा कणा, हेही माहीत असावं. जनुक ओळखायचं ते नुसती किंमत लावायला नाही.

१२. वंशावळ नसेल तर ओळखही नाही

पुण्या-मुंबईतून कुणी ओळखीचं फोटो पाठवतं आणि विचारतं, “ताई, हा कुठला मॉर्फ? याच्यात काय हेट असेल?” मी उलट विचारते, आई-बाप कोणते, कुणाकडून घेतला, कागद आहेत का? पुष्कळदा तिथेच संभाषण थांबतं. बँकॉकहून येणाऱ्या सामानात खाऊच्या पुड्यांत कोंबलेले बॉल पायथन मुंबई विमानतळावर पकडले गेले आहेत. अशा वाटेने आलेल्या सापाच्या पोटात कोणतं गुपित आहे हे सांगणारा कुणी मागे उरलेला नसतो, आणि कितीतरी साप वाटेतच मरतात.

हा साप साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे भारतात वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर चौथ्या अनुसूचीत येतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी जवळ असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि हस्तांतर, मृत्यू तसा पिल्लांचा जन्मही कळवावा लागतो. आपला भारतीय अजगर तर पहिल्या अनुसूचीत आहे, तो घरी ठेवताच येत नाही. तेव्हा एवढं कराच: साप घेण्याआधी कागद मागा, आणि घरात अंडी फुटली तर पिल्लांची नोंद आधी करा, रंगाचा वाद नंतर सावकाश घालता येईल.